तळघरातल्या नियमवहिनी

नियमवहिनींच्या तोंडून "मला वाटतं" हे शब्द आम्ही कधी ऐकले नाहीत. भांडण कितीही पेटलेलं असो, सिद्धू गुडघ्यावर उठून ओरडत असो, मी हातातली सांगाड्याची सोंगटी पटावर आपटत असो, त्या शांतपणे खेळाच्या नियमांचं पुस्तक मांडीवर घ्यायच्या, ओळीखाली करंगळी ठेवायच्या आणि म्हणायच्या, "थांबा. आधी काय लिहिलंय ते बघू. मंग भांडा." एकदा इंग्रजीत मोठ्याने वाचायच्या, एकदा मनातल्या मनात, आणि तिसऱ्यांदा आपल्या मराठीत. त्या तिसऱ्या वाचनापर्यंत कुणी चकार शब्द काढायचा नाही. माझ्यासारख्या बोलघेवडीला ती शांतता तेव्हा शिक्षा वाटायची. आता रविवारची दुपार शांतच असते, आणि ती शांतता मला नको असते.

त्या आमच्या सख्ख्या वहिनी नव्हत्या. परतूरला स्टेशनच्या बाजूच्या प्लॉटिंगमध्ये आमचं घर, आणि भिंतीपलीकडे त्यांचं. त्यांच्या सासरची शेती मोठी, शिवाय कापसाची खरेदी. आमचे बाबा शिक्षक. आमच्या घरात बुद्धाच्या मूर्तीखालच्या कपाटात भांड्यांपेक्षा चळवळीची पत्रकं जास्त होती. मी बाराखडी पाटीवर आणि वाचन पत्रकांवर शिकले. त्यामुळे एखादी गोष्ट सांगायची म्हणजे ती ठळक अक्षरात, उद्गारचिन्हासह सांगायची, अशी माझी समजूत होती. वहिनींना ना ठळक अक्षर लागायचं ना उद्गारचिन्ह. टेंभुर्णीच्या माहेराहून त्या गणितात एम.एस्सी. आणि बी.एड. होऊन आल्या होत्या. त्यांना शिकवायचं होतं. एवढी एकच गोष्ट त्यांना हवी होती, आणि ती त्यांनी लपवलीही नव्हती. लग्नाच्या बैठकीत ठरलं होतं की धाकट्या दिराचं लग्न होईपर्यंत घर सांभाळायचं, मग नोकरी करायला कुणाची ना नाही. दोन जिल्हे पलीकडे मुलींची एक निवासी शाळा होती. तिथे त्यांची कॉलेजची मैत्रीण शिकवत होती, आणि दरवर्षी जून जवळ आला की तिचा फोन यायचा, "जागा आहे, येतेस का?" वहिनी म्हणायच्या, "अजून न्हाई."

हा खेळ आमच्या घरात सिद्धूने आणला. माझा मोठा भाऊ, पुण्याचं शिक्षण संपवून घरी परतलेला. पुण्याच्या होस्टेलवर कुणीतरी खोली सोडताना मागे टाकलेला खोका त्याने उचलून आणला होता. आत पुठ्ठ्याचे तुकडे. ते एकमेकांत अडकवले की जमिनीखालचं एक मोठं तळघर तयार व्हायचं. दालनं, बोळ, खांब, दारं, खड्डे. त्यात शिरणारे तीन वीर आणि ते तळघर राखणारे सांगाडे आणि राक्षस. एका जादूगाराचा हात तुटलेला होता, म्हणून त्याला आम्ही निवृत्त केलं. पुस्तक इंग्रजीत, चाळीसेक पानांचं, बारीक टायपात. पहिल्या रविवारी सिद्धू आणि मी दोन तास भांडलो आणि एकही वीर पहिल्या दारातून आत गेला नाही. भांडण भिंतीपलीकडे ऐकू गेलं असणार. वहिनी साडीला फॉल लावून घ्यायला आईकडे आल्या होत्या. आई घरी पिको-फॉल करायची. त्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "पुस्तक दाखवा बरं."

बसल्या त्या दिवे लागेपर्यंत. आईने चहा दिला, तो त्यांनी बशीत ओतून सहज प्यायला. ह्यात सांगण्यासारखं काय, असं कुणी म्हणेल. पण त्यांच्या सासूबाई आमच्या अंगणात गेली कित्येक वर्षं येत होत्या आणि पाणी पुढे केलं की दर वेळी म्हणायच्या, "आज उपास हाय." सोमवार असो की बुधवार. मी एकदा तोंडावर म्हणाले होते, "काकू, उपासाला पाणी चालतं की." तेव्हा आईने माझ्या दंडाला असा चिमटा घेतला होता की दोन दिवस वळ राहिला. म्हणून तो बशीतला चहा मी लक्षात ठेवला. वहिनींनी मात्र त्याचा ना गाजावाजा केला ना नंतर कधी उल्लेख.

त्यानंतर दर रविवारी त्या एक साडी घेऊन यायच्या. साडी नसेल तर घराबाहेर पडायला कारण नाही. तीन-चार महिन्यांत त्यांच्या घरातल्या सगळ्या साड्यांना फॉल लागला. मग आई एक साडी घ्यायची, लावलेला फॉल उसवायची आणि पुन्हा शिवायची. एकदा मी विचारलं, "आई, ही तर गेल्या महिन्यातली." आई दोरा दाताने तोडत म्हणाली, "गप बैस. फॉल सैल झाल्ता." दोघींनी ह्यावर आपसात एक शब्दही ठरवलेला नव्हता.

पुढे आईही खेळात ओढली गेली, कारण तिसरा वीर चालवायला माणूस नव्हतं. तिच्या वाट्याला बुटका आला, दाढीवाला, हातात कुऱ्हाड. आई म्हणाली, "हा तर आमच्याकडच्या ऊसतोडीच्या मुकादमासारखा दिसून राह्यला." तेव्हापासून तो मुकादम. सिद्धूचा चिलखतवाला सरदार, वहिनींची तिरंदाज. आणि मी राक्षसांच्या बाजूने. ते माझ्यावर लादलं नव्हतं, मी मागून घेतलं होतं. पहिल्याच दिवशी मी म्हणाले होते, "हे तिघं दुसऱ्याच्या घराचं दार फोडून आत शिरतात, तिथलं सामान उचलतात, आणि पुस्तक ह्यांना वीर म्हणतं! ज्यांचं घर आहे ते राक्षस! हा कुठला न्याय?" सिद्धूने कपाळाला हात लावला. वहिनींनी मात्र मान डोलावली. "मुद्दा बराबर हाय. बस त्यांच्या बाजूनं. पण विशू, चाल त्यांच्यापण नियमानंच. तुझा पक्ष खरा म्हणून तुला एक घर जादा मिळणार न्हाई."

ह्या खेळात तलवारीपेक्षा पाय महत्त्वाचे. सरदाराला एका चालीत चार घरं, तिरंदाजाला सहा, मुकादमाला तीन. आणि प्रत्येक घर सारखं नसतं. दगडगोट्यांच्या घरात शिरायला दोन घरांचा खर्च. त्याला आम्ही मुरूम म्हणायचो. दार उघडायला एक. दलदलीला आमच्याकडे चिबड म्हणतात, तोच शब्द पटावर आला. तलवार चालवण्याबद्दल आमचं कधी भांडण झालं नाही. सगळी भांडणं कोण कुठून कुठे जाऊ शकतं, ह्यावरच. सोबत्याच्या घरातून पलीकडे जाता येतं, पण त्याच घरात थांबता येत नाही, हा नियम वहिनींनी वाचला तेव्हा आई लगेच म्हणाली, "म्हणजे एसटीतल्यासारखं. सरका म्हणायचं अन् पुढं जायचं." वहिनी हसल्या. "काकू, पुस्तकापेक्षा तुमचं सोपं हाय." पुढे तो नियम एसटीचा नियम म्हणूनच चालला.

पुस्तक जिथे बोलायचं तिथे वहिनी वाचायच्या. जिथे गप्प असायचं तिथे त्या करून बघायच्या. दोन खांबांच्या मधून तिरकं जाता येतं का, ह्यावर पुस्तकात ओळ नव्हती. भिंतीच्या कोपऱ्यातून तिरकं जाता येत नाही, एवढंच होतं. सिद्धू म्हणाला, "खांब म्हणजे भिंत थोडीच!" वहिनींनी आईचे दोन स्टीलचे पेले मागवले, ते कोपऱ्याला कोपरा लावून उभे केले आणि सरदार त्यांच्यामधून ढकलून बघितला. सरदार अडकला. "अंग जात न्हाई," त्या म्हणाल्या. सिद्धू म्हणाला, "तिरंदाज बारीक आहे, ती जाईल." त्यांनी स्वतःचीच तिरंदाज घातली. तीही अडकली. संपला निवाडा.

एकदा मी अडून बसले की सांगाड्यांना चिबडात सावकाश चालायची गरज नाही, कारण त्यांना वजनच नाही. हाडांना कसला चिखल? पुस्तक गप्प. वहिनींनी शिलाई मशिनवर बसलेल्या आईला विचारलं, "काकू, हाडकं चिखलात रुतत्यात का हो?" आईचा पाय चालूच होता. "मेल्यावर सगळंच रुततं बाई." वहिनी माझ्याकडे वळल्या. "रुतले तुझे सांगाडे." मी तो डाव हरले, आणि त्या दिवशी जेवताना आईशी बोललेच नाही.

सिद्धूने एकदा मोबाईल काढला. ह्या खेळावर परदेशातल्या लोकांचे व्हिडिओ आहेत, तिथे सगळ्या शंकांची उत्तरं मिळतात, जल्दी निकाल लागेल, असं त्याचं म्हणणं. वहिनींनी मोबाईल हळूच पालथा घातला. "ते लोक आपल्या डावात बसलेले न्हाईत, सिद्धू. चाल आपण केलीय, वाचायचं पण आपणच." आणि जो जास्त भांडायचा त्यालाच त्या ते वाक्य मोठ्याने वाचायला लावायच्या. माझं इंग्रजी अडखळतं होतं. मला सुरुवातीला त्याचा राग यायचा. पण स्वतःच्या तोंडाने, स्वतःच्या विरुद्ध जाणारं वाक्य वाचलं की भांडण निम्मं ओसरतं, हे मला तिथे कळलं. पत्रकातलं वाचून मी आवेशात यायचे. ह्या पुस्तकातलं वाचून मी खाली बसायचे.

पण त्यांच्या एका रिवाजावर आमचं कधीच जमलं नाही. एकदा दिलेला निवाडा त्या डावात बदलायचा नाही. चुकला असेल तरी नाही. दुरुस्ती पुढच्या डावापासून.

ह्याची सगळ्यात मोठी किंमत त्यांनीच मोजली. चिबडात पाय पडला की चाल तिथेच संपते, असा त्यांचा निवाडा होता. एका रविवारी, अर्ध्या डावात, सिद्धूला मागच्या पानावर ओळ सापडली: चिलखत नसलेल्याला चिबडातून दोन घरांच्या खर्चात पुढे जाता येतं. तेव्हा वहिनींची तिरंदाज चिबडात उभी होती, चिलखताशिवाय, शेवटच्या दारापासून हाकेच्या अंतरावर. मागून माझे सांगाडे येत होते. सिद्धू ओरडला, "वहिनी, सुटलात! निघा!" वहिनींनी ओळ वाचली, पुन्हा वाचली आणि म्हणाल्या, "माझं चुकलं. पुढच्या डावापासून असंच चालू. आत्ता न्हाई."

जिंकत असलेली मी, पण माझ्याच्याने राहवलं नाही. "चुकीचा कायदा मोडायचाच असतो, वहिनी!"

"मोड की. डाव संपल्यावर मोड. मधेच मोडला तर समोरच्यानं आतापर्यंत कशाच्या भरवशावर चाल केली? तू सांगाडे लांबून फिरवून आणले ते ह्या चिबडाच्या भरवशावरच ना?"

"पण तोपर्यंत अन्याय होऊन राह्यलाय त्याचं काय?"

"आधी बघायचं, अन्याय हाय का नुसती हार हाय. ही माझी हार हाय." असं म्हणून त्यांनी आपल्या हाताने तिरंदाज उचलली आणि खोक्यात ठेवली. नंतर संपूर्ण डावभर त्या फक्त निवाडे देत बसल्या. सिद्धू म्हणाला, ह्या बाईंना जिंकायचंच नाहीये. मला मात्र माहीत होतं की त्यांना काय हवंय, आणि ते पटावर नव्हतं.

म्हणून मी त्यांच्या मागे लागायचे. डाव आवरताना, पुठ्ठ्याचे तुकडे रचताना, दर रविवारी. "वहिनी, तुम्ही निघा. एम.एस्सी. झालेली बाई भाकरी थापते आणि गणित शिकवायला शाळेत माणूस नाही. कोण अडवतं बघू." आमच्या घरातल्या सगळ्या पत्रकांतली वाक्यं मी त्यांच्यावर रिकामी केली. त्या ऐकून घ्यायच्या. एकदा म्हणाल्या, "विशू, बैठकीत मी होते. मला विचारलं होतं. मी हो म्हणले होते. कुणी माझं तोंड दाबलेलं न्हवतं. धाकट्याचं लग्न होऊ दे." मी म्हणाले, "आणि ते झालंच नाही तर?" "होईल की. मंठ्याची स्थळं बघून राह्यलेत."

ते खरंच मंठ्याला ठरलं, आणि मे महिन्यात लग्न झालं. आम्ही सगळे गेलो होतो. वरातीत वहिनी इतक्या नाचल्या की नवरीच्या करवल्या बाजूला सरकून बघत राहिल्या. मैत्रिणीचा फोन येऊन गेला होता आणि ह्या वेळी त्यांनी हो म्हटलं होतं. पुढच्या रविवारी त्या साडी घेऊन आल्या ती पहिल्यांदाच त्यांनी स्वतःसाठी घेतलेली होती. सुती, निळी, बारीक काठाची. आईच्या हातात देत म्हणाल्या, "काकू, हिचा फॉल पक्का लावा. रोजची शाळेची हाय." आईने ती साडी उलटी करून बघितली, सुलटी करून बघितली, आणि उगाचच पदराने डोळे पुसत म्हणाली, "दोरा मिळता घ्यावा लागंल."

त्याच्या पुढच्या रविवारची गोष्ट. डाव रंगात होता. उन्हाळ्याचे दिवस, पण खेळातले पत्ते उडतात म्हणून पंखा बंद. सासूबाई ब्लाऊज न्यायला आल्या आणि दारातल्या खुर्चीवर टेकल्या. आईने पाणी विचारलं, उपास निघाला. मग आईने वहिनींकडे बघत सहज विचारलं, "मंग, उज्ज्वला शाळेत कधी जाऊन राह्यली?"

सासूबाई वाईट बाई नव्हत्या. मी त्यांना वाईट रंगवलं तर माझं लिहिणं सोपं होईल, म्हणूनच रंगवणार नाही. त्या सुनेकडे मायेने बघत म्हणाल्या, "आता कुठं बाई. सोन्यासारखी सून हाय माझी, तिला कुठं पाठवू? नवी आताच आली, तिला घरातलं काहीच ठावं न्हाई. तिला शिकवायला पायजेल. अन् हिला एखादं लेकरू झालं म्हंजी मंग बघू."

तेव्हा चाल वहिनींची होती. तिरंदाज त्यांच्या बोटांत होती, पटापासून थोडी वर. सिद्धूने माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात आईची नजर माझ्यावर आली आणि मी ओठ मिटले. वहिनींनी तिरंदाज घरं मोजत पुढे नेली, मुरमाच्या घराचे दोन धरले, ठेवली, आणि मग वर बघितलं.

"आत्याबाई, बैठकीत काय ठरलं होतं?"

"ठरलं होतं ते ठरलं होतं. घर बदलत असतं, माय."

"घर बदलू द्या. मी ठरलेलं विचारून राह्यले."

"लोकाच्या घरी बसून मला कायदा शिकवून राह्यली?"

बाहेर मोटरसायकल थांबली. वहिनींचे मालक, रमेशदादा, सासूबाईंना घ्यायला आले होते. सरळ माणूस, पण स्वतःच्या आईसमोर त्यांचा आवाज आम्ही कुणी ऐकला नव्हता. वहिनी उठल्या नाहीत. बसल्या जागेवरून म्हणाल्या, "अहो, बैठकीत तुम्ही होतात. काय ठरलं होतं, ते तुमच्या तोंडानं म्हणा."

रमेशदादा दारात उभे. हातात किल्ली. त्यांनी आपल्या आईकडे बघितलं, मग आमच्या जमिनीवर मांडलेल्या तळघराकडे, जणू उत्तर तिथे लिहिलेलं असावं. मशीनवरचा आमच्या आईचा पाय थांबला होता.

"धाकट्याचं लग्न होईपर्यंत," ते म्हणाले.

"झालं का लग्न?"

"झालं."

"मंग माझा शब्द पुरा झाला," वहिनी म्हणाल्या. आवाज चढवून नव्हे. चिबडाचा निवाडा दिला त्याच आवाजात. "लग्नाच्या आधी सांगितलं असतं की नियम असा असा हाय, तर मी हो न्हाईतर न्हाई म्हणले असते. आता डाव झाल्यावर नवा नियम मला लागू न्हाई."

सासूबाईंनी पाण्यासाठी हात पुढे केला. आईने तांब्या दिला. त्यांनी घटाघटा पाणी प्यायलं, तांब्या खाली ठेवला आणि उठल्या. मी ते पाहिलं, आईनेही पाहिलं. त्यांच्या लक्षात आलं की नाही, मला आजही माहीत नाही. दारातून जाताना त्या एवढंच म्हणाल्या, "ब्लाऊज राहू दे. उद्या पाठव." वहिनींनी डाव पूर्ण केला. कोण जिंकलं ते मला आठवत नाही.

मला वाटत होतं, त्यांना माझी पत्रकं घराबाहेर काढतील. रमेशदादांच्या तोंडच्या त्या दोन वाक्यांनी काढलं. चिडून लिहिणाऱ्या माणसाला हे कबूल करणं जड जातं, पण माझ्या शब्दांत आवाज होता आणि वहिनींच्या शब्दाला मुदत होती. मुदत पाळलेल्या माणसाला नंतर कुणाला काही पटवून द्यावं लागत नाही. आज मी पत्रक लिहिते तेव्हा मागणीच्या आधी हे लिहिते की काय ठरलं होतं, कुणासमोर ठरलं होतं. ज्या मंडळासाठी लिहिते तिथले मित्र म्हणतात, धार कमी झाली. होऊ दे.

जूनच्या सुरुवातीला त्या निघाल्या. आदल्या दिवशी आईने खेळाचा खोका जुन्या ओढणीत बांधून त्यांच्या हातात दिला. "तिकडं लेकी असतील. त्यांना द्या. इथं कोण वाचून दाखवणार?" खोका सिद्धूचा, पण त्यालाही त्या महिन्यात कामाला पुण्याला परत जायचं होतं. वहिनी बाबांच्या पाया पडायला वाकल्या तसं बाबांनी त्यांना मधेच थांबवून हात जोडले. "जयभीम, पोरी." "जयभीम, काका," त्या म्हणाल्या.

स्टँडवर रमेशदादांनी बॅग वर टाकली आणि ते पाण्याची बाटली आणायला गेले. गाडी लागलेली होती, ड्रायव्हर अजून चहाला. वहिनी खिडकीत, नवी निळी साडी, मांडीवर ओढणीतला खोका. मी खाली उभी. किती वेळा मी ह्या क्षणाचं भाषण मनात तयार केलं होतं! त्यांनी निघावं म्हणून सगळ्यात मोठ्याने ओरडणारी मी. आणि खिडकीच्या गजाला धरून माझ्या तोंडून निघालं काय, तर, "वहिनी, जाऊ नका."

त्या आधी हसल्या. मग माझा चेहरा बघून हसायच्या थांबल्या. गजातून हात बाहेर काढून त्यांनी माझ्या कपाळावरचे केस मागे सारले.

"वेडी हाय का? दर रविवारी कुणीतरी मला जा म्हणणारं होतं, म्हणून तर मी इतके दिवस तिथं राहू शकले."

ड्रायव्हर आला. गाडी मागे सरकली, वळली आणि जालन्याच्या रस्त्याला लागली. रमेशदादा सोबत गेले होते, त्यांना सोडून दुसऱ्या दिवशी परत आले. पुढे वर्षभरात त्यांनीही तिकडेच काम बघितलं. भिंतीपलीकडे आता नवी सून आहे. तिची आणि आमची ओळख अजून नमस्कारापुरतीच. सणावाराला वहिनी फोन करतात. मागे पोरींचा एवढा गलका असतो की अर्धं बोलणं ऐकू येत नाही, आणि मी दोनदा विचारायचं टाळते, कारण त्यांना तासाला जायचं असतं.

माझ्या कॉलेजातल्या मुली माझ्याकडे येतात. कुणाला नर्सिंगला जायचं असतं, कुणाला पोलीस भरतीला, कुणाला नुसतंच गावाबाहेर. मी त्यांना निघा म्हणते, आणि आवाज पूर्वीइतकाच मोठा असतो. फक्त त्यांना पोचवायला गेले की गाडी हलायच्या आत मी स्टँडवरून निघून येते.